ॲस्बेस्टॉसचं काम सोडून पंचवीस वर्षं झाली, कॅन्सरचा धोका आता किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ बारा वर्षं बॉयलर आणि स्टीम पाइपांच्या लॅगिंगच्या, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून ॲस्बेस्टॉसचं आवरण चढवण्याच्या, कामावर होते: जुनं आवरण तोडायचं, नवं चढवायचं. ते काम सोडून पंचवीस वर्षं झाली. आता वय एकसष्ट. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ‘प्लूरल प्लाक’, म्हणजे फुफ्फुसांच्या आवरणावरचे जाडसर डाग, दिसले आहेत. सिगारेट चालू आहे. हे प्लाक म्हणजे कॅन्सरची सुरुवात का, इतकी वर्षं काही झालं नाही म्हणजे धोका टळला का, त्यांच्याकडे बहुतेक पांढरं ॲस्बेस्टॉस वापरायचे आणि ते सुरक्षित असतं असं ऐकलंय ते खरं का, आणि कामाचे कपडे घरी धुणाऱ्या पत्नीला काही होऊ शकतं का, हे त्यांना हवं आहे.

आधी थेट उत्तरं देतो, कारणं मागून. प्लाक म्हणजे कॅन्सर नाही आणि प्लाकचा पुढे कॅन्सर होत नाही. धोका मात्र टळलेला नाही. तुम्ही पहिल्यांदा ॲस्बेस्टॉसची धूळ, म्हणजे त्याचे बारीक तंतू, श्वासात घेतली त्याला आता सदतीस वर्षं झाली, आणि हे आजार याच सुमाराला डोकं वर काढतात. पांढरं ॲस्बेस्टॉस सुरक्षित नाही. पत्नीला धोका आहे, तुमच्यापेक्षा बराच कमी, पण आहे. आणि तुम्ही जाता जाता लिहिलेलं ‘सिगारेट चालू आहे’ हे वाक्य माझ्या दृष्टीने तुमच्या पूर्ण पत्रातलं सर्वांत गंभीर वाक्य आहे.

ॲस्बेस्टॉस म्हटलं की सगळ्यांना मेसोथेलिओमा आठवतो. फुफ्फुसांभोवतीच्या किंवा पोटाच्या आतल्या पातळ आवरणाचा हा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसशी संबंध न आलेल्या माणसांत तो इतका विरळा की एखाद्या छातीच्या डॉक्टरला वर्षानुवर्षं एकही रुग्ण दिसत नाही. त्यामुळे नाव त्याचंच गाजलं. पण तुमच्या धंद्यातली माणसं प्रत्यक्षात कशाने गेली ते पाहा. अमेरिका आणि कॅनडातल्या १७,८०० इन्सुलेशन कामगारांचा १९६७ ते १९७६ अशी दहा वर्षं आयर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. त्या दहा वर्षांत २,२७१ जण वारले. त्याच वयाच्या सर्वसाधारण पुरुषांच्या हिशेबाने १,६५९ च्या आसपास मृत्यू व्हायला हवे होते. फुफ्फुसाच्या कॅन्सरने १०६ जण जातील असा अंदाज होता, गेले ४८६. मेसोथेलिओमाने १७५ गेले, ॲस्बेस्टोसिसने, म्हणजे फुफ्फुसं तंतूंनी ताठर होत जाऊन श्वास कोंडण्याच्या आजाराने, १६८. म्हणजे वारलेल्या दर पाचांत एक जण फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला, आणि मेसोथेलिओमाच्या जवळजवळ तिप्पट माणसं त्याने नेली. कामगार माझ्याकडे येतात ते मेसोथेलिओमाची भीती घेऊन. मी त्यांच्याशी आधी फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल बोलतो, कारण तोच जास्त माणसं नेतो आणि त्याच्याच बाबतीत आजही काही करता येतं.

हा संबंध काही काल-परवा कळलेला नाही. रिचर्ड डॉल यांनी इंग्लंडमधल्या रॉचडेल इथल्या ॲस्बेस्टॉस कापडाच्या कारखान्यातल्या, वीस किंवा जास्त वर्षं धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध केला. फुफ्फुसाच्या कॅन्सरने एखादाही मृत्यू जेमतेम अपेक्षित होता, आकडा ०.८ होता. झाले ११. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० साली मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले आणि त्यातल्या ३२ जणांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी संबंध लागला. त्यातले बरेच जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, त्यांचं लहानपण खाणींच्या परिसरात गेलं होतं. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसचे सगळे सहाच्या सहा प्रकार माणसात निश्चित कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात धरते. फुफ्फुस आणि मेसोथेलिओमाच्या जोडीला स्वरयंत्राचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सरही तिने २०१२ च्या अहवालात पक्क्या पुराव्याच्या यादीत घातला. घसा, जठर आणि मोठं आतडं यांच्याबाबत संबंध दिसतो, पण पुरावा तितका भक्कम नाही.

आता तुमचा ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा मुद्दा. बहुतेकांची गफलत इथेच होते, कारण बाकीच्या विषारी गोष्टींचा आपला अनुभव वेगळा असतो. गॅस लागला तर त्याच दिवशी कळतं, रसायन अंगावर उडालं तर त्याच क्षणी. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर पहिल्या संपर्कापासून दहा वर्षांच्या आत सहसा दिसत नाही, वीस-तीस वर्षांनी दिसायला लागतो. मेसोथेलिओमाला तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षं लागतात. त्याचा धोका काळाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या संपर्कापासूनच्या वर्षांच्या तिसऱ्या-चौथ्या घाताने तो चढतो, म्हणजे वीस वर्षांनी जेवढा असेल त्याच्या आठ ते सोळा पट चाळीस वर्षांनी. फार उशिरा हा चढ काहीसा मंदावतो असं जुन्या कामगारांच्या लांबलेल्या अभ्यासांत दिसलं आहे, पण तो उतरत नाही. काम सोडल्याने नवी धूळ आत जाणं थांबलं, हे मोठंच झालं. जी आत गेली तिचा काळ मात्र पहिल्या दिवसापासून मोजला जातो.

एका देशाच्या पातळीवर हे कसं दिसतं ते ब्रिटनच्या नोंदींतून कळतं. तिथे मेसोथेलिओमाच्या मृत्यूंची नोंद १९६८ पासून ठेवली जाते. पहिल्या वर्षी १५३ मृत्यू होते. ॲस्बेस्टॉसची आयात १९६० आणि १९७० च्या दशकांत शिगेला पोचून उतरली, निळ्या आणि तपकिरी प्रकारावर १९८५ साली बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ साली. तरी मृत्यू वाढतच राहिले आणि २०१० नंतरच्या दशकात वर्षाला अडीच हजारांच्या घरात गेले. पदार्थ बाजारातून गेल्यावर दोन पिढ्या माणसं मरत राहतात, ती अशी. जगभरात कामाच्या जागी झालेल्या ॲस्बेस्टॉस संपर्कामुळे वर्षाला दोन लाखांहून जास्त मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कामामुळे होणाऱ्या कॅन्सरच्या एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून जास्त एकट्या ॲस्बेस्टॉसचे.

पण भीतीलाही माप हवं. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीच्या आत दहा वर्षांहून जास्त सुतारकाम केलेल्या पुरुषांत आयुष्यभरात मेसोथेलिओमा होण्याचं प्रमाण १७ जणांत १ निघालं. हे सुतार तपकिरी ॲस्बेस्टॉसचे बोर्ड करवतीने कापत असत. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि रंगारी यांच्यात ते ५० त १ होतं. कुठल्याही धंद्यासाठी हे भयंकर प्रमाण आहे. तरी त्या सुतारांतही सतरांतल्या सोळांना मेसोथेलिओमा झाला नाही. तुमच्या कामाचा संपर्क मोठा होता, पण ‘आता मला होणारच’ असं समजून रात्र रात्र जागायचं कारण नाही.

सिगारेटकडे येतो, आणि इथे थोडा जास्त वेळ घेतो. सेलिकॉफ यांच्या गटाने १९७९ साली मांडलेले आकडे आजही याच कामासाठी वापरले जातात. एक लाख माणसं वर्षभर पाहिली तर फुफ्फुसाच्या कॅन्सरने किती जातील, असा हिशेब. ॲस्बेस्टॉसही नाही आणि सिगारेटही नाही, अशांत ११. ॲस्बेस्टॉस आहे पण सिगारेट कधीच नाही, अशांत ५८. सिगारेट आहे पण ॲस्बेस्टॉस नाही, अशांत १२३. दोन्ही असलेल्यांत ६०२. पहिल्या गटाला एक धरलं तर पुढचे तीन साधारण पाच, अकरा आणि त्रेपन्न. दोन धोके एकमेकांत मिळवले असते तर पंधराच्या आसपास आले असते. इथे ते एकमेकांना गुणतात. नंतरच्या अभ्यासांत ही वाढ सगळीकडे इतकी मोठी निघाली नाही, कुठे ती बेरीज आणि गुणाकार यांच्या मधे पडली, पण नुसत्या बेरजेवर क्वचितच थांबली.

याचा दुसरा अर्थ तुमच्या फायद्याचा आहे. गुणाकारातला एक आकडा तुम्हाला बदलता येत नाही, कारण तंतू फुफ्फुसातून धुऊन काढता येत नाहीत. दुसरा आकडा बदलता येतो. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या २०१३ साली आलेल्या अभ्यासात सिगारेट सोडलेल्यांचा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा मृत्युदर दहा वर्षांच्या आतच स्पष्ट घटलेला दिसला, आणि सोडून तीस वर्षं झाल्यावर तो आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्या इन्सुलेशन कामगारांच्या दराला जाऊन मिळाला. एकसष्टाव्या वर्षी सोडूनही फायदा आहे, आणि तो पुढच्या काही वर्षांतच पदरात पडतो. ‘आता काय, जे व्हायचं ते झालं’ हे वाक्य मी जुन्या कामगारांकडून फार ऐकतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरपुरतं ते चूक आहे. मेसोथेलिओमावर सिगारेटचा काही परिणाम नाही, ती सोडून तो धोका कमी होणार नाही, हेही सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी तेवढंच धरून तुमचा निर्धार मोडायला नको.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसबद्दल. त्याचं नाव क्रायसोटाइल, आणि आजवर वापरलेलं बहुतेक ॲस्बेस्टॉस हेच. ते सुरक्षित आहे हा दावा एका खऱ्या निरीक्षणावर उभा केलेला आहे, म्हणून तो टिकून राहतो. क्रायसोटाइलचे तंतू वळलेले असतात, शरीरात त्यांचे तुकडे पडतात आणि ते तुलनेने लवकर विरतात. निळे आणि तपकिरी तंतू सरळ सुईसारखे असतात आणि फुफ्फुसात दशकानुदशकं तसेच राहतात. त्यामुळे मेसोथेलिओमाच्या बाबतीत फरक फार मोठा आहे. हॉजसन आणि डार्न्टन यांनी २००० साली सगळे अभ्यास एकत्र तपासून पांढरा, तपकिरी आणि निळा यांच्यातलं प्रमाण साधारण १ : १०० : ५०० असं काढलं. पण हे प्रमाण मेसोथेलिओमाचं आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा फरक त्याहून खूप कमी निघाला. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामध्ये एका कापड कारखान्यात जवळजवळ निव्वळ क्रायसोटाइल वापरत. तिथल्या ३,०७२ कामगारांत मेसोथेलिओमाचे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मात्र १९८ होते, म्हणजे अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट. क्रायसोटाइलच्या खाणीत धोका कमी आणि कापडाच्या कारखान्यात जास्त असंही दिसतं. कापडासाठी लांब तंतू लागतात आणि लांब, बारीक तंतूच जास्त घातक, हे त्यामागचं बहुधा मुख्य कारण.

शिवाय तुमच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे. स्टीम पाइपांच्या आणि बॉयलरच्या जुन्या लॅगिंगमध्ये तपकिरी आणि निळा प्रकार सर्रास मिसळलेला असे. नवं आवरण पांढऱ्याचं चढवलंत हे खरं असेल, पण तुम्ही जे तोडत होतात ते तुमच्या आधी कुणीतरी चढवलेलं होतं. त्यात काय होतं ते नुसत्या नजरेने कळत नाही. रंगांची नावं खनिजाची आहेत, तयार मालाचा रंग त्याच्याशी जुळेलच असं नाही. म्हणून तुम्हाला मी मिश्र संपर्कातच धरतो.

किती धूळ म्हणजे जास्त? यासाठी आम्ही तंतू-वर्षं मोजतो. हवेच्या एका मिलिलिटरमध्ये किती तंतू, गुणिले किती वर्षं. १९९७ साली हेलसिंकीत तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार २५ तंतू-वर्षांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका दुप्पट होतो असं धरतात. आजची मर्यादा अनेक देशांत मिलिलिटरला ०.१ तंतू आहे, आणि युरोपीय संघाने ती ०.०१ वर आणली आहे. कोरडं लॅगिंग करवतीने, छिन्नीने तोडताना ही मर्यादा शेकडो पटींनी ओलांडली जाते. बारा वर्षांत तुमची तंतू-वर्षं पंचविसाच्या पुढे गेली असतील असं धरूनच मी चालेन.

मेसोथेलिओमाला मात्र अशी कुठलीही खालची मर्यादा सापडलेली नाही आणि थोड्या काळाचा संपर्कही पुरतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सैनिकांच्या गॅस मास्कची गाळणी निळ्या ॲस्बेस्टॉसची असत. ती बसवणाऱ्या बायकांपैकी अनेकींनी ते काम थोडाच काळ केलं, युद्ध संपल्यावर त्या आपापल्या संसाराला लागल्या, आणि काही दशकांनी त्यांच्यात मेसोथेलिओमाचे रुग्ण निघत राहिले. बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धागाही बऱ्याच अंशी याच बायकांच्या पाठपुराव्यातून हाती आला.

त्यावरून तुमच्या पत्नीचा प्रश्न. लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी १९६५ साली मेसोथेलिओमाचे ७६ रुग्ण तपासले. त्यातल्या नऊ जणांनी स्वतः कधी ॲस्बेस्टॉस हाताळलं नव्हतं, घरातलं कुणीतरी ते काम करत होतं. या नवांत सात बायका होत्या. कामाचे कपडे झटकणं आणि धुणं, हाच बहुतेक मार्ग. पत्नीला आज काही त्रास नसेल तर त्यांच्यासाठी मी कसलाही स्कॅन सुचवणार नाही, कारण धोका कमी आहे आणि मेसोथेलिओमा लवकर पकडून जीव वाचतो असं दाखवणारी कुठलीही तपासणी आज नाही. पण त्यांच्या डॉक्टरांच्या कागदांत हा संपर्क लिहिलेला असायला हवा. उद्या छातीत एका बाजूला पाणी भरलं आणि दम लागला, तर डॉक्टरांनी क्षयाच्या पलीकडेही पाहायला हवं, आणि गृहिणी असलेल्या बाईला ‘तुमचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आला होता का’ असं सहसा कुणी विचारत नाही.

हे तंतू करतात काय, हे थोडक्यात. आत आलेला कचरा गिळून टाकणाऱ्या पेशी फुफ्फुसात असतात. लांब तंतू पेशीपेक्षा लांब असतो, पेशी तो पुरता गिळू शकत नाही, आणि त्या झटापटीत दाहक रसायनं सोडत राहते. ही जळजळ वर्षानुवर्षं चालते, भोवतालच्या पेशींची गुणसूत्रं बिघडत जातात. काही तंतू सरकत सरकत फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात. तिथे जाडसर, पुढे चुन्यासारखे कडक होणारे डाग पडतात, तेच तुमचे प्लाक. ते दुखत नाहीत, सहसा श्वासही अडवत नाहीत, काढायचे नसतात. ते फक्त सांगतात की इथे तंतू पोचले आहेत. तुमच्या अहवालात प्लाकशिवाय फुफ्फुसाच्या तळाशी जाळीदार व्रण, म्हणजे ॲस्बेस्टोसिस, आहे की नाही हे मुद्दाम विचारून घ्या. ते असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या प्लाकपेक्षा निश्चित जास्त असतो.

‘आमच्या कारखान्यातल्या लोकांचा मृत्युदर बाहेरच्यांपेक्षा कमीच आहे’ असं तुमच्यासमोर कधी कुणी ठेवलं, तर घाईने मान डोलावू नका. कामावर घेतानाच धडधाकट माणसं निवडलेली असतात, आजारी पडले ते गळून जातात, त्यामुळे कुठल्याही कारखान्याचा एकूण मृत्युदर सुरुवातीची वर्षं चांगलाच दिसतो. सगळ्या कारणांचे मृत्यू एकत्र टाकले की कॅन्सरची वाढ त्यात बुडून जाते. आणि अभ्यास पंधरा वर्षांवर थांबवला तर मेसोथेलिओमा दिसणारच नाही. पाहायचं ते हे: पहिल्या संपर्कापासून वीस वर्षं उलटल्यावर काय झालं, कुठल्या कारणाने किती गेले, आणि नोकरी सोडून गेलेले मोजले आहेत की नाहीत.

मृत्यूच्या दाखल्यांवर तर विसंबताच येत नाही. वर सांगितलेल्या १७,८०० जणांच्या अभ्यासात दाखल्यांवर ॲस्बेस्टोसिस ७८ जणांच्या नावापुढे होतं. शवविच्छेदन, पेशींचे नमुने, एक्स-रे असं सगळं तपासल्यावर ते १६८ निघाले. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे दाखल्यांवर ४९ मृत्यू होते, तपासणीअंती त्यातले २३ च उरले. बाकीच्यांतले बहुतेक पोटाच्या आवरणाचे मेसोथेलिओमा होते. ही अमेरिका-कॅनडातल्या, संघटित, कुणीतरी जातीने मागे लागून तपासलेल्या कामगारांची गोष्ट. जिथे कुणी मागे लागलं नाही तिथे किती मृत्यू ‘फुफ्फुसाचा कॅन्सर, सिगारेटमुळे’ किंवा ‘दम्याचा जुना आजार’ म्हणून मिटले असतील, या विचाराने मला आजही फार अस्वस्थ व्हायला होतं. मरणाऱ्याच्या घरच्यांना हक्काची भरपाई मिळत नाही, आणि त्याच्या जागी काम करणाऱ्या पोराला कुणी सावध करत नाही.

म्हणून माझ्या कामातला सर्वांत वेळ घेणारा भाग स्कॅन वाचण्याचा नाही, कामाचा इतिहास विचारण्याचा आहे. ‘काय काम करता’ या प्रश्नाचं उत्तर ‘फिटर’ असं येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. मी विचारतो: आवरण ओलं करून तोडायचात की कोरडं? पावडर पाण्यात कालवायचं काम कोण करायचं, पिंपात ओतताना तोंडावर काय असायचं? तोडलेला माल गोणीत भरायचात की खाली पडू द्यायचात? पाळी संपल्यावर झाडू मारायचात का? अंगावरची धूळ हवेच्या पाइपाने उडवायचात का? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण हसून हो म्हणतात, सगळेच उडवायचे. तेवढ्या एका सवयीत दिवसभराच्या धुळीचा चांगला मोठा वाटा असतो. मग विचारतो, तुम्ही तोडत असताना त्याच खोलीत आणखी कोण असायचं? वेल्डर, रंगारी, इलेक्ट्रिशियन, चहा आणणारा पोरगा. त्यांच्या कुणाच्याच कागदावर ॲस्बेस्टॉस हा शब्द नसतो.

तुम्ही हे सगळं आत्ताच लिहून काढा. कुठल्या साली कुठल्या विभागात होतात, काय तोडलंत, काय चढवलंत, सोबत कोण होतं. जुनं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बदलीचे हुकूम जपून ठेवा. हा कागद दर नव्या डॉक्टरांसमोर ठेवा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. वीस-पंचवीस वर्षांनी कारखाना बंद झालेला असतो, नोंदी गहाळ असतात, आणि आजार कामामुळे झाला हे सिद्ध करायची वेळ येते तेव्हा माणूस बोलायच्या अवस्थेत नसतो.

तपासण्यांचं सांगतो. दरवर्षी साधा एक्स-रे काढून फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. कमी किरणांचा सीटी स्कॅन दरवर्षी केला तर होतात. अमेरिकेत ५३,००० हून जास्त, बरीच वर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्या माणसांवर झालेल्या चाचणीत एक्स-रेच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, निष्कर्ष २०११ साली आले. ती चाचणी ॲस्बेस्टॉस कामगारांची नव्हती, पण तुमच्याइतका धोका असलेल्यांना हा स्कॅन द्यावा असं २०१४ च्या सुधारित हेलसिंकी निकषांतही म्हटलं आहे. तुमचं वय, सिगारेट आणि बारा वर्षांचं लॅगिंग पाहता छातीच्या डॉक्टरांशी याबद्दल बोलाच. स्कॅनमध्ये निरुपद्रवी गाठी पुष्कळ दिसतात आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तपासण्या होतात, याची तयारी ठेवा. मेसोथेलिओमासाठी रक्ताच्या तपासण्यांची जाहिरात कुठे दिसली तर पैसे घालवू नका. लक्षणं नसलेल्या माणसात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

मेसोथेलिओमा झालाच तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. निदानानंतरचं आयुष्य बऱ्याच काळापर्यंत सरासरी वर्षभराच्या आसपास होतं. शस्त्रक्रिया न करता येणाऱ्या रुग्णांत दोन इम्यूनोथेरपी औषधं एकत्र दिल्यावर निम्मे रुग्ण १८.१ महिन्यांच्या पुढे जगले, जुन्या केमोथेरपीवर हाच आकडा १४.१ महिने होता. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार महिन्यांची वाढ लहान दिसते, पण काही रुग्णांना त्याहून बरीच जास्त वर्षं मिळतात.

तुमचे जुने सोबती अजून पाडापाडी, दुरुस्ती, जुने पाइप बदलणं अशी कामं करत असतील तर त्यांना एवढं कळवा. कोरडं तोडू नका, आधी भिजवा. झाडू आणि हवेचा पाइप बंद, अतिसूक्ष्म गाळणीचा व्हॅक्यूमच हवा. कापडी किंवा कागदी मास्कने हे तंतू अडत नाहीत, चेहऱ्याला घट्ट बसणारा पी३ किंवा पी१०० गाळणीचा मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. कपडे घरी न्यायचे नाहीत, अंघोळ कामावरच. आणि तोडायच्या मालात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे तोडण्याआधी तपासून घ्यायचा हक्क मागा. परिपत्रकात मास्कची सोय लिहिली की जबाबदारी संपली असं बऱ्याच ठिकाणी समजतात. मास्क हा शेवटचा उपाय आहे, आधी धूळ उडूच द्यायची नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरांकडे जा, निकोटिनच्या पट्ट्या किंवा औषधं घेऊन सोडा, नुसत्या निश्चयावर सोडणारे फार थोडे टिकतात. स्कॅनचा अहवाल घेऊन ॲस्बेस्टोसिसचा प्रश्न विचारा आणि श्वासाची क्षमता मोजून घ्या. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस घ्या. खोकल्यातून रक्त, तीन आठवडे न थांबणारा किंवा बदललेला खोकला, बसलेला आवाज, छातीच्या एका बाजूला सतत दुखणं, चढता दम, कारण नसताना उतरणारं वजन किंवा फुगत जाणारं पोट, यातलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तपासणीच्या तारखेसाठी थांबू नका. छातीतून काढलेलं पाणी तपासायला पाठवतील तेव्हा ‘ॲस्बेस्टॉसचा संपर्क आहे’ हे प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर लिहायला सांगा. नुसत्या पाण्यावरून मेसोथेलिओमाचं निदान अनेकदा सुटतं, आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि चिठ्ठीवर हे शब्द असले की तपासणारा त्या दिशेने पाहतो.